अंगावर आलेल्या विषाची साक्ष

एखादे संकट ज्याने भोगले त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे, याला मौखिक साक्ष म्हणतात. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला, तेव्हा किरणोत्सर्गाला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे आपल्यावर काय कोसळले हे भोवतालच्या माणसांना उमगले नाही. पुढे स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी अशा माणसांना वर्षानुवर्षे बोलते केले आणि १९९७ साली त्या कथनांचे पुस्तक सिद्ध केले.

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारचे विष अनुभवले. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले व वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या उंचीला आली होती, म्हणून पंपाचा फवारा वर धरावा लागे, तुषार तोंडावर आणि छातीवर पडत आणि भिजलेल्या कपड्यांतून विष कातडीवाटे शरीरात उतरे.

या जिल्ह्यात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, आणि या एका शब्दामुळे डब्यातल्या विषाची धास्ती कमी होते, हे साक्ष नोंदवणाऱ्याने ध्यानात घेतले पाहिजे. डोळ्यांपुढे अंधारी आली, असे कोणी सांगतो तेव्हा तो केवळ घाबरल्याचे सांगत नसतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंचा संदेश थांबवणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराला, म्हणजे शरीरातील क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, निकामी करतात, त्यामुळे बाहुल्या आकसतात, नजर अंधुक होते आणि श्वास कोंडतो. साध्या बोलीतले ते वाक्य वैद्यकीय पुरावाही असू शकते.

म्हणून कोणती औषधे एकत्र कालवली, वारा कोणत्या अंगाने होता आणि ओला सदरा किती वेळ अंगावर राहिला, हे सारे सांगणाऱ्याच्या वऱ्हाडीत, शब्द न बदलता लिहून घेतले पाहिजे. शेतमालकाच्या नावे निदान सातबारा असतो. रोजाने दुसऱ्याच्या रानात पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराचे नाव तेथे नसते, त्यामुळे तो त्या दिवशी त्या रानात होता याचा कागद पुष्कळदा त्याच्या साक्षीवाचून दुसरा उरत नाही.