तडा गेलेले वाद्य



आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल, की या मालेत आता विषयांचा दुष्काळ पडला! तडकलेले वाद्य दुरुस्त करावे की टाकून द्यावे, यावर व्याख्यान कसले द्यायचे? पण हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरात उभा राहिला, आणि त्याने आमची चांगलीच परीक्षा पाहिली.

आमच्या नातीकडे युकुलेले आहे. गिटारीचे धाकटे भावंड म्हणा ना! याचे मूळ पोर्तुगालच्या मदीरा बेटावरचे. 1879 साली तेथील मजूर 'रेवन्सक्रॅग' जहाजाने होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो या कारागिरांनी आपल्याकडच्या लहानग्या वाद्याला हवाई बेटांवर नवा घाट दिला. तेथल्या कोआ लाकडाचे हे वाद्य पुढे जगभर गेले आणि फिरत फिरत आमच्या दिवाणखान्यातही आले.

वैशाखात त्याच्या पुढच्या फळीला बोटभर तडा गेला. पडले नाही, आपटले नाही. हवा कोरडी झाली की लाकूड आटते, आणि ते आटते रेषांच्या आडवे. म्हणून चीर रेषेबरोबर उभी धावते. दुरुस्तीला दोन हजार पडतील, असे कळले. नवे अडीच हजारांना मिळत होते. आम्ही ताबडतोब निवाडा दिला, "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! नवे घेऊ."

नात काही बोलली नाही. तिने फक्त कोपऱ्याकडे बोट दाखवले. "मग पणजीचा तंबोरा तुम्ही का नाही टाकून दिलात?"

त्या कोपऱ्यात आमच्या मातोश्रींचा मिरजेचा तंबोरा गवसणीत उभा होता. घर बदलताना त्याच्या भोपळ्याला तडा गेला, त्याला अकरा वर्षे झाली. दसऱ्याला आम्ही त्याला फूल वाहत होतो. दुरुस्त मात्र केला नव्हता. टाकणार नाही आणि वाजवणारही नाही, याला आम्ही मातृभक्ती समजत होतो!

शेवटी दोन्ही वाद्ये घेऊन आम्ही मिरज गाठली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले कडू भोपळे येथे येतात आणि त्यांचे तंबोरे होतात. अब्दुल करीम खाँसाहेब येथेच स्थायिक झाले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु आम्ही शिरलो ती जागा म्हणजे भुश्श्याने भरलेली एक अरुंद खोली होती.

कारागिराने गवसणी काढली आणि आधी तारा सैल केल्या. मग आमच्याकडे पाहिले. "तडा गेल्यावरही तारा ओढलेल्याच ठेवल्यात?" आम्ही मान खाली घातली. तारांचा ताण घोडीवाटे तबलीवर अहोरात्र दाबतो आणि तडा गेलेल्या भोपळ्यावर त्याचा भार पडत राहतो. एवढे साधे भान अकरा वर्षे आम्हांला नव्हते. फूल वाहणाऱ्या हातांनी चार खुंट्या पिळल्या असत्या, तर चीर एवढी लांबली नसती.

त्याने बोटाच्या पेराने भोपळा ठोकून पाहिला आणि काम समजावले. तबली उचकटायची, आतून चीर जुळवायची, सरसाने पट्ट्या चिकटवायच्या, पुन्हा तबली बसवायची, वरून लाखेचे पॉलिश, आणि शेवटी जवारी. आम्ही विचारले, "सरसच का? बाजारात त्याहून पक्के डिंक मिळतात." तो म्हणाला, "पक्के आहेत म्हणूनच नको. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. उद्या कुणाला हा पुन्हा उघडावा लागला, तर त्याला उघडता आला पाहिजे." आपल्यामागून येणाऱ्या, न पाहिलेल्या कारागिराची ही काळजी ऐकून आम्ही गप्प झालो.

खर्च नव्या साध्या तंबोऱ्याच्या निम्म्याच्या घरात होता. आम्ही होकार देणार, तोच त्याने विचारले, "वाजवणार कोण?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, सगळ्या हिशेबात हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता! आम्ही किंमत मोजली, आठवण मोजली. पण वाद्य ही वाजवण्याची वस्तू आहे, हे आमची नात सोडून सगळेच विसरले होते. या कसोटीवर युकुलेलेचा हक्क आधी लागत होता, कारण ते रोज वाजत होते. कारागिराने ते चार दिवस दमट जागी ठेवून चीर मिटू दिली, मग सरस भरला आणि आतून आडव्या रेषेचा लाकडी तुकडा लावला. दोन हजार लागले नाहीत. पण लागले असते तरी आम्ही दिले असते.

तंबोऱ्याचे उत्तर अवघड होते. आज खिशातल्या फोनवर हव्या त्या पट्टीत तंबोरा चालू होतो, तोही न चुकता. मग भोपळ्याची उस्तवार कशासाठी? आम्हांला सुचले ते इतकेच, की फोनला आपण लागत नाही. तंबोऱ्याला माणूस लागतो. त्याने बसावे लागते, लावावा लागतो, ऐकावे लागते. हे करायची तयारी असेल तर दुरुस्ती करावी. नसेल तर जो करील त्याला वाद्य द्यावे. गवसणीत ठेवून फूल वाहणे म्हणजे सावकाश टाकून देणेच होय.

आम्ही दुरुस्ती केली. मातोश्रींच्या वेळचा नाद परत आला, असे आम्ही सांगणार नाही. तो थोडा निराळा आहे आणि जवळून पाहिले तर चीरही दिसते. आम्हांला गळा नाही. तरी रोज तिन्हीसांजेला पाव तास आम्ही तो लावून बसतो. पंचम अजून नीट जुळत नाही. नात हसते, आणि जुळवून देते.