पिकअपवरील घडीचे घर
(कोरगाव, पेडणे येथे वाहनदुरुस्ती कारागिरांपुढे दिलेले व्याख्यान)



गाडीतच बिऱ्हाड थाटून फिरणारे प्रवासी पेडणे तालुक्याला नवे नाहीत. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातील तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या खुश्कीच्या मार्गाने अशा गाड्या घेऊन गोव्यात येत. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांचा प्रवेश यांमुळे तो मार्ग खंडित झाला. पुढे २०२१ साली शेजारच्या महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा हरमल, मांद्रे, केरी हे किनारे जवळ असलेल्या कोरगावच्या कारागिरांनी हे काम शास्त्रशुद्ध रीतीने जाणून घेणे इष्ट ठरेल.

पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या या निवासी पेटीचे छत प्रवासात खाली असते. मुक्कामी ते वर उचलले की मधली जागा कॅनव्हासच्या भिंती झाकतात. छत खाली असल्याने वाऱ्याचा रोध कमी होतो आणि गाडीचा तोलही सांभाळला जातो.

जुनी पेटी हाती आली की प्रथम वजनाचा हिशेब करावा. गाडीच्या अनुज्ञेय एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करता जे उरेल, त्यातच पेटी, माणसे व सामान बसले पाहिजे. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, १४.२ किलो गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोचा. पेटीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या किंचित पुढे असावा. तो मागे गेल्यास पुढील चाके हलकी पडून स्टिअरिंगवरील ताबा सुटतो. जादा पाटे घातल्याने गाडी उचललेली दिसते. परंतु ब्रेकची वा चासीची क्षमता त्यामुळे वाढत नाही.

दुसरा शत्रू ओल. बाहेरचा पत्रा शाबूत असूनही आतील लाकडी सांगाडा कुजलेला असू शकतो. खिडक्यांखालचे कोपरे ठोकून पाहावेत; कुजका भाग रंगाने न झाकता कापून काढावा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू थेट भिडला की ॲल्युमिनियम झिजते. म्हणून मध्ये रबरी वा नायलॉनचे वायसर घालावे. ओला कॅनव्हास घडी करून ठेवू नये.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. यास्तव सिलिंडरचा कप्पा आतून बंदिस्त असावा व त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घालते. म्हणून कायमची जोडणी करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याची लेखी अनुमती घ्यावी. अनुमतीवाचून केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण आणू शकतो.

सुतार, वेल्डर, शिंपी व वायरमन या चौघांच्या हातांना या कामात वाव आहे. काम पूर्ण होताच पाणी व सिलिंडर भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढील व मागील आसावरील भार वेगवेगळा मोजावा आणि ती पावती ग्राहकाच्या हाती द्यावी. भार मर्यादेबाहेर असेल, तर ग्राहक कितीही घाईत असला तरी गाडी त्याच्या स्वाधीन करू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.