‘जिऑग्नॉसी’ : एका मावळलेल्या शब्दाची हकीकत



एके काळी युरोपातल्या खाणविद्येच्या वर्गांत दुमदुमणारा ‘जिऑग्नॉसी’ हा शब्द आज कुणाच्या तोंडी नाही. ग्रीक भाषेत ‘जी’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. तेव्हा सरळ अर्थ झाला ‘भूज्ञान’.

हा शब्द गाजवला आब्राहाम व्हेर्नर यांनी. सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गच्या खाण-विद्यालयात ते १७७५ पासून शिकवीत. पृथ्वीच्या जन्माविषयी घरबसल्या तर्क लढवणे त्यांना पसंत नव्हते. खडक डोळ्यांनी पाहावेत, थरांचा क्रम लावावा, आणि दिसेल तेवढेच सांगावे, हे त्यांचे भूज्ञान. लांबलांबून विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले.

पण गंमत पाहा! तर्काला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या या शास्त्राच्या माजघरातच एक भलामोठा तर्क येऊन बसला होता. पूर्वी साऱ्या पृथ्वीवर समुद्र होता आणि पाण्यातून साका बसावा तसे बहुतेक खडक तयार झाले, असे व्हेर्नर मानीत. आपला सह्याद्री ज्याचा आहे, तो काळा बसाल्टसुद्धा! शायबेनबेर्गच्या टेकडीवर वाळू, माती आणि त्यांवर बसाल्ट असा क्रम त्यांना दिसला. थर एकमेकांत मिसळत गेल्यासारखे वाटले. आणि सारे पाण्यातलेच, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. तिकडे फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतात देमारे यांनी बसाल्टचा माग काढीत विझलेले ज्वालामुखी गाठले होते. व्हेर्नर मात्र डगमगले नाहीत.

हा निकाल फिरवण्यात मोठा वाटा त्यांच्याच शिष्याचा. लेओपोल्ड फॉन बूख १८०२ साली स्वतः ओव्हेर्न्यला गेले. तिथला बसाल्ट अग्नीतूनच जन्मला आहे, हे त्यांनी पाहिले आणि मान्य केले. गुरूची शिकवण पाळली, म्हणूनच गुरूचे मत सोडावे लागले. याला कुणी गुरुद्रोह म्हणेल. मला तर ही खरी गुरुदक्षिणा वाटते.

पुढे ‘जिऑलॉजी’ हाच शब्द रूढ झाला. आपण त्याला भूगर्भशास्त्र किंवा भूविज्ञान म्हणतो. घाटातून जाताना कड्यांच्या एकावर एक चढलेल्या पायऱ्या दिसतात ना? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्हारसाचे ते थर. व्हेर्नर यांचा समुद्र आटला, त्यांचा शब्दही गेला. पण थरामागून थर लावून पृथ्वीची बखर वाचायची सवय पुष्कळांना त्यांच्याच वर्गात लागली, हे विसरून चालणार नाही.