मोफत क्रेडिट रिपोर्ट कसा मिळवावा

कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देण्यापूर्वी बँक अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट तपासते. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या असे रिपोर्ट तयार करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा, स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून तो मागवला, तर वर्षभर लक्ष राहते.

त्यासाठी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक भरावा. ओटीपीने ओळख पटली की रिपोर्ट पाहता येतो. वाटेत सशुल्क योजना समोर आली, तरी ती घेणे बंधनकारक नाही. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घसरत नाही.

कधीच न घेतलेले कर्ज नावावर दिसले, किंवा फेडलेले कर्ज थकीत दिसले, तर त्याच कंपनीकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे. कर्जाचा अर्ज करण्याआधी प्रत्येकाने आपला रिपोर्ट एकदा जरूर तपासावा.