वस्तीवरचे प्रश्न आणि पवित्र शास्त्र

(धाराशिव जिल्ह्यातील आपल्या कामाच्या साहाय्यकांसाठी व मंडळीच्या सभासदांसाठी ठेवलेल्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपले सेवक पारधी वस्तीवर जातात तेव्हा लोकांना काय सांगतात, असे आपण नेहमी विचारता. आज मी उलट बाजूने बोलणार आहे. ती माणसे आम्हाला काय विचारतात, ते सांगतो. वार्षिक अहवालात मुलांची संख्या येते, वह्या, चादरी, शिलाई यंत्रे येतात. प्रश्न येत नाहीत. आणि खरे सांगायचे तर आपल्या रविवारच्या उपासनेत जे प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, ते तिथे पहिल्याच भेटीत विचारले जातात.

पहिली अडचण शब्दांची. आपण किती सहज म्हणतो, येशू तारण देतो. एका मावशींनी यावर विचारले, "तारण काय ठेवायचं? माझ्याकडं तर काहीच राहिलं नाही." त्यांचे चुकले कुठे? आपल्या भागात तारण म्हटले की सोने, सातबारा आणि सावकार. प्रभूने आपला प्राण पुष्कळांसाठी दिला, हे सांगताना मार्काच्या दहाव्या अध्यायात आपण खंडणी हा शब्द वाचतो. खंडणी म्हटले की आज लोकांना पोलीस ठाण्यातला गुन्हा आठवतो. पारध्यांची घरातली बोली तर वेगळीच, गुजरातीच्या जवळची. मराठी ही त्यांची बाजाराची आणि कचेरीची भाषा. त्यातून आपण त्यांच्यापुढे नीतिमत्त्व, प्रायश्चित्त असे शब्द ठेवतो.

पंडिता रमाबाईंनी ही अडचण शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. संस्कृतच्या पांडित्यासाठी कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळवलेली बाई. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले ते साध्या बायकांना कळावे म्हणून, साध्या भाषेत. छपाईच्या कामाला मुक्तीमधल्याच मुली आणि स्त्रिया होत्या. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई गेल्या, तोपर्यंत हे काम त्यांनी सोडले नव्हते. त्यांना अवघड शब्द येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा त्या मावशींना आम्ही एवढेच सांगितले की तुम्ही काही ठेवायचे नाही. गहाण पडलेले सोडवून आणायचे, त्याला आम्ही तारण म्हणतो. त्या म्हणाल्या, "मग सोडवणूक म्हणा की."

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जड. एका वयस्कर बाबांनी विचारला. "पोलीस म्हणतो, तू जन्माचा चोर. तुम्ही म्हणता, माणूस जन्माचा पापी. मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?"

हा प्रश्न कुठून येतो ते समजून घेऊ या. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कोणी काय केले हे न पाहता कोण कोणाच्या पोटी जन्मले एवढ्यावरून पुढे देशभर कितीतरी जमातींवर शिक्का बसला. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण शेजारच्या सोलापुरात अशी मोठी वसाहत होती आणि तिथले जुने लोक आजही 'सेटलमेंट' हाच शब्द वापरतात. पारध्यांचे नातेगोते राज्यांच्या हद्दी पाहून होत नव्हते. देश स्वतंत्र झाल्यावरही हा कायदा पाच वर्षे होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. आणि एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी झाकू नये. देशात अशा वसाहती चालवायला ज्या संस्था पुढे आल्या, त्यांत मुक्ती फौजेसारख्या ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्यांनी शाळा काढल्या, कामधंदा शिकवला हे खरे. कुंपण होते हेही खरे. म्हणून पारधी माणूस आपल्याकडे संशयाने पाहतो तेव्हा त्याला अडाणी म्हणू नका.

आता शास्त्र काय म्हणते? रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय आपल्या सर्वांना पाठ आहे, पण त्यातला 'सर्व' हा शब्द आपण घाईत वाचतो. पौलाची मांडणी पाहा. पहिल्या अध्यायात तो बाहेरच्या लोकांची पापे मोजतो, तेव्हा देवभीरू वाचक मान डोलावतो. दुसऱ्या अध्यायात बोट फिरते आणि नेमके त्या मान डोलावणाऱ्यावर येते, जो दुसऱ्याचा न्याय करतो त्याच्यावर. मग तिसऱ्यात निकाल लागतो, आणि त्यातून कोणी सुटत नाही. कायद्याने काही जणांकडे बोट दाखवले आणि बाकीच्यांना सज्जन ठरवले. पौल फौजदाराला, पाटलाला, पाळकाला आणि पारध्याला एकाच रांगेत उभे करतो. आम्ही बाबांना म्हणालो, तुम्ही पापी असाल तर आमच्याइतकेच, एक गुंजही जास्त नाही. ते हसले. पण त्यांना पटले असे मी म्हणणार नाही, कारण लगेच त्यांनी विचारले, "आणि बापाचं पोराला?"

त्याला यहेज्केलाचा अठरावा अध्याय आहे. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, अशी एक म्हण इस्राएलात चालत होती. देव म्हणतो, ही म्हण आता पुरे. जो पाप करील तो त्याचा जबाबदार. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. अख्ख्या जमातीवर शिक्का मारणाऱ्या कायद्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. आणि लूकाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू कोणासोबत मरतो? दोन अपराध्यांच्या मधे, त्यांच्यातलाच एक म्हणून मोजला जाऊन. त्या दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले ते त्यांतल्याच एकाला. हा भाग वस्तीवर वाचला की कुजबुज थांबते.

पण बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याकडे आहे. आपल्या गावात कोणाची शेळी गेली, मोटार गेली, तर पहिले नाव कोणाचे निघते? आणि ते नाव काढणाऱ्यांत आपण असतो की नसतो? रविवारी आपण 'सर्वांनी पाप केले' म्हणायचे आणि सोमवारी वस्तीकडे बोट दाखवायचे, तर त्या बाबांना फरक दिसणार कसा?

याच्याच पोटातला प्रश्न म्हणजे भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही सांगावी लागत नाही. किल्लारीबरोबर आपल्या लोहारा भागातले सास्तूरही उद्ध्वस्त झाले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसे दमून झोपलेली, पहाटेचे चार वाजायचे होते. हजारो गेले. अजूनही कोणी विचारते, "देवानं कशाची शिक्षा दिली?" त्या वेळी काही उपदेशकांनीही पापाची भाषा केली, असे लोक सांगतात. तसे कोणी बोलले असेल तर त्याने लूकाचा तेरावा अध्याय वाचलेला नव्हता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. प्रभू विचारतो, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय? आणि स्वतःच सांगतो, नाही. मग ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही आपापला पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशेब जिवंतांच्या हाती त्याने दिला नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल शिष्य हेच विचारतात, याचे पाप की आईबापाचे, आणि उत्तर पुन्हा नाही असेच येते.

आणि आपल्याकडे जे झाले ते डोळे उघडून पाहिले तर काय दिसते? जाडजूड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. ते अंगावर आले. पाचटाच्या, कुडाच्या झोपडीतली पुष्कळ माणसे वाचली. मग काय वाडेवाले पापी आणि झोपडीवाले पुण्यवान? तसे कोणीच म्हणत नाही. माणसे भिंतींनी मारली. शिलोहातही बुरूजच पडला होता.

तिसरा प्रश्न औषधाचा, आणि इथे जीव जातो म्हणून थोडे थांबतो. "प्रार्थना केली, आता गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी पडला असं होतं का?" क्षयाच्या रोग्यांकडून हा प्रश्न फार येतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते, माणूस म्हणतो देवाने बरे केले, आणि गोळ्या बंद. मग रोग परत येतो, आणि परत येताना त्याच औषधांना दाद न देणारा होऊन येऊ शकतो.

शास्त्रात औषधाला कुठेही मज्जाव नाही. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे २०). पौल तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि उतारशाळेचे पैसेही भरले. कोणी मार्काचा पाचवा अध्याय पुढे करतो, की त्या रक्तस्रावी बाईने वैद्यांवर सगळे घालवले आणि ती उलट खालावली. खरे आहे. आपल्याकडेही प्रत्येक दुखण्यावर सलाईन लावून पैसे काढणारे आहेत; त्यांच्याकडे जाऊ नका एवढाच त्याचा अर्थ. त्याच अध्यायाच्या शेवटी प्रभू याईराच्या मुलीला उठवतो, आणि लगेच काय सांगतो? तिला काहीतरी खायला द्या. चमत्कारानंतरही त्याने भाकरीची सोय पाहिली.

म्हणून आमचे सेवक रोग्यासाठी प्रार्थना करतात आणि त्याच बसल्या जागी गोळ्यांचे पाकीट पाहतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध फुकट. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये आहे. बँक खाते नाही म्हणून ती अडकते. खाते उघडून देणे हे काम आपल्यातला कोणीही करू शकतो.

रविवारचा प्रश्न दिवाळीच्या सुमाराला येतो. "टोळीबरोबर ऊसतोडीला गेलो की रविवार पाळता येत नाही. पाप लागतं का?" उचल घेतलेली, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, आणि फडात वार विचारत कोण? आम्ही त्यांना दहा आज्ञांतली ती आज्ञा पूर्ण वाचून दाखवतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. बैलालासुद्धा त्यात जागा आहे. म्हणजे ही आज्ञा पहिल्यांदा काम देणाऱ्यावर आहे. ज्याला विसावा मिळू दिला जात नाही, त्याच्यावर पापाचा आणखी एक बोजा कशाला? पालावर रात्री दोन घरांनी मिळून प्रार्थना केली तरी देव ऐकतो. आपल्यापैकी काहींचा ऊस कारखान्याला जातो. आज्ञेतला मालक कोण, हे आपल्याला शोधत बसावे लागणार नाही.

पैशांचा प्रश्न गावकरी विचारतात आणि कधी कधी पारधीही. "धर्म बदलला की काय देता?" उत्तर एका शब्दाचे आहे, काही नाही. वह्या, औषध, वसतिगृह यांसाठी प्रार्थनेला येण्याची अट नाही, आणि असू नये. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानायला एकच परतला. प्रभूने बाकीच्या नऊ जणांचा रोग परत लावला नाही. आपल्यापैकी कोणी देणगी देताना 'यातून किती बाप्तिस्मे झाले' असे विचारले, तर सेवकांनी नम्रपणे हा शास्त्रभाग काढून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी दाखल्याचे. "ख्रिस्ती झालो तर जातीचा दाखला जातो का?" इथे घोटाळा फार आहे, आणि पोरांची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून असते. अनुसूचित जातींना धर्माची अट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, एवढ्यांनाच तो दर्जा मिळतो. अनुसूचित जमातींच्या आदेशात तशी धर्माची अट नाही. फासेपारधी महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. म्हणून एका वस्तीवर ऐकलेले दुसऱ्या वस्तीवर सांगू नका. नाव, आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावरची जमातीची नोंद कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका. बाप्तिस्म्यासाठी नाव बदलावे लागते असे शास्त्रात कुठेही नाही. टोळ्या फडावर निघण्याआधी वस्तीवर जाऊन वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवायच्या आहेत. त्यासाठी मोटारसायकल असलेले आणि शनिवारचा दिवस देऊ शकणारे चार-पाच जण हवे आहेत. चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्या.