श्वास, धूर आणि वारसा



दम्यानें कोणी गेलें, कीं ‘घराण्यांतच होतें, ईश्वराची इच्छा’ असें आपण म्हणतों. अंत्यविधीच्या वेळीं आम्हीहि तसेंच बोललों आहों. तें बोलणें अपुरें होतें, हें आज आम्ही कबूल करितों.

१९६३ सालीं स्वीडन देशांत लॉरेल व एरिक्सन यांस कांहीं माणसांच्या रक्तांत एक प्रथिन जवळजवळ नसल्याचें आढळलें. हें प्रथिन फुप्फुसांचें रक्षण करितें. त्याची तीव्र उणीव आईबाप दोघांकडून आलेल्या बीजामुळें होते; परंतु असा मनुष्य धूम्रपान करील, तर त्याचीं फुप्फुसें फार लवकर निकामी होतात. बीज वारशाचें, खतपाणी धुराचें!

१९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील सहा शहरांच्या अभ्यासांत, सर्वांत मलिन हवेच्या शहरीं मृत्यूचें प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून शेंकडा २६ नीं अधिक दिसलें. हृदय व फुप्फुसांच्या विकारांशीं त्याचा संबंध होता.

वारसा आपणांस बदलतां येत नाहीं. घरचा धूर मात्र आपल्या हातचा आहे. माउलीच्या चुलीस धुराडें आणि खिशांतील विडीस कायमची रजा, ही ज्युबिलीची भेट आपण एकमेकांस देऊं या. आपलें कर्तव्य केल्यावरच ‘ईश्वराची इच्छा’ म्हणणें आपणांस शोभेल.