वाळवण बाईचं, यंत्र कुणाचं?

(आरोंदा येथे बचत गटातल्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीपुढचा प्रश्न वरवर साधा आहे. गटानं फळं वाळवण्याचं यंत्र, म्हणजे ड्रायर, घ्यायचा का? घेतला तर विजेवरचा की उन्हाचा? आणि तो कुणाच्या घरी ठेवायचा? पहिल्या दोन प्रश्नांवर तुम्ही पुष्कळ बोललात. तिसरा प्रश्न मात्र ‘बघू मग’ म्हणून बाजूला पडला. मला वाटतं, खरा प्रश्न तोच आहे. म्हणून आधी यंत्राचं बोलते आणि मग त्याच्याकडे येते.

वाळवणातलं तुम्हाला मी काय शिकवणार? आंब्याची साठां, फणसाची साठां, सोलां, आगळ हे सगळं तुमच्या हातचं आहे. सोलांचंच घ्या. रातांबे फोडायचे, बिया-गर बाजूला काढायचा, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या. कडक ऊन असलं तरी चार-सहा दिवस जातात. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो. वळवाची सर त्याआधीच येते. ‘पावस इलो गे!’ अशी हाक आली की हातातलं टाकून खळ्यात धावतं कोण? घरातली बाईच. ती दुपारी झोपत नाही, बाजाराला जात नाही, ग्रामसभेला येत नाही. कारण खळ्यात वाळवण आहे. ही राखण कुठल्याच हिशोबात येत नाही.

ड्रायर नेमका इथे उपयोगी पडतो. विजेच्या ड्रायरमध्ये चमत्कार काही नाही. बंद पेटी, तापणारी तार, पंखा आणि जाळीचे ट्रे. गरम हवा फळावरून फिरते आणि ओल घेऊन बाहेर जाते. फळासाठी साधारण ५५ ते ६० अंश उष्णता पुरते. लवकर व्हावं म्हणून आच वाढवली तर फोडीची वरची साल कडक होते आणि आत ओल कोंडून राहते. अशी फोड डब्यात गेली की आठवड्यात बुरशी धरते. बुरशीचा भाग खरवडून उरलेलं खाऊ नये आणि विकू तर मुळीच नये. काही बुरशींचं विष डोळ्यांना दिसत नाही.

फोडी पाच-सहा मिलिमीटरच्या आणि सगळ्या सारख्या हव्यात. साठांचा रस तीन-चार मिलिमीटर जाडीनं पसरावा. केळं काळं पडतं, त्याला आधी लिंबाच्या पाण्यातून काढावं. सोलांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे नकोत, कोकमाचा आंबटपणा आणि मीठ ते खातात, स्टीलचे घ्यावेत. माल पूर्ण थंड झाल्यावर बरणीत भरावा, बरणी गळ्यापर्यंत न भरता थोडी रिकामी ठेवावी आणि आठवडाभर रोज हलवून बघावी. काचेवर आतून दव दिसलं तर माल परत ट्रेवर. आणि त्याच पेटीत सुंगटां किंवा बांगडे घालायचा मोह नको. नंतरच्या आंब्याला कोण तोंड लावील?

आता हिशोब. पिकलेल्या बरक्या फणसाच्या गऱ्यात चार भागांतले जवळजवळ तीन भाग पाणी असतं. म्हणजे दहा किलो रसातून साधारण तीन किलो साठां मिळतील. अननसात पाणी आणखी जास्त, त्याचे दहा किलोचे पावणेदोन किलोही होत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक ‘एवढं महाग?’ म्हणालं की दचकू नका. ते पाणी विकत घेत नाही, हे त्याला सांगा.

घरगुती ड्रायर ६०० वॅटचा धरू. बारा तास चालला तर सात युनिटच्या वर वीज जाते. त्यात एका वेळी तीन-चार किलो रस मावतो, म्हणजे दहा किलोला तीन खेपा, सुमारे बावीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २२० रुपये झाले; किलोभर साठांमागे सत्तर-पंचाहत्तर रुपये नुसत्या विजेचे. त्यात फणस, गूळ-साखर, पिशव्या आणि गाडीभाडं मिळवा. एवढ्यावर तुमचा कागद संपला होता. मी दोनदा बघितला, मजुरीचा रकानाच नव्हता! फणस फोडणं, हाताला तेल लावून गरे सोडवणं, गाळणं, पसरणं, उलटणं, पुसणं, भरणं, हे ‘घरातलंच’ म्हणून फुकट? आपणच आपल्या श्रमाची किंमत शून्य लिहिली, तर व्यापारी ती वाढवून देणार आहे का? तास मोजा, त्याला रोजंदारीचा दर लावा आणि मग भाव काढा. त्या भावात माल विकत नसेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

उन्हाच्या ड्रायरला वीज कमी लागते किंवा लागतच नाही. माल झाकलेला राहतो, धूळ-माशी बसत नाही, रंग चांगला राहतो. पण मळभ आलं की तोही थांबतो. विजेचा ढगाळ दिवसातही चालतो, पण वादळात आपल्याकडे आधी वीजच जाते. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हाचे अंधारातले दिवस तुम्ही विसरला नसाल. तो ऐन वाळवणाचा महिना होता. म्हणून उन्हाचा मोठा आणि विजेचा लहान, असा जोड मला बरा वाटतो. निर्णय अर्थात तुमचा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र जवळ आहे. पैसे भरण्याआधी चौघीजणी तिथं जाऊन प्रश्न विचारून या. आणि विकायचा माल करणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करा.

आता तिसरा प्रश्न. एक जुनी गोष्ट सांगते. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी! झाला ड्रायर. पण ती संस्था खाटेमुळे मोठी झाली नाही. काम करणारी प्रत्येक बाई तिथं मालकीण असते, नफ्या-तोट्याची वाटेकरी असते, म्हणून झाली.

आपल्या काळातलं उदाहरणही आहे. मुंबईत शिकलेल्या काही तरुण संशोधकांनी उन्हाचा ड्रायर तयार केला आणि ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी काढली. मराठवाड्यातल्या शेतकरी बायका त्यावर भाज्या वाळवतात आणि कंपनी तो माल घेते. २०२३मध्ये या कामाला अर्थशॉट हे जागतिक पारितोषिक मिळालं. गिऱ्हाईक शोधायची वणवण वाचणं ही लहान गोष्ट नाही. मात्र कुठेही, कुणाशीही असा करार करताना आपण विचारायचं, भाव कोण ठरवणार? माल नाकारला तर नुकसान कुणाचं? यंत्र कुणाच्या नावावर?

नावाचं एवढं का ताणते? कारण आपल्याकडे झाड ज्याच्या नावावर, त्याचं फळ. फणसाला, रातांब्याला खतपाणी घालते बाई, राखण करते बाई, आणि सातबाऱ्यावर नावं असतात मुंबईच्या दिरांची, चुलत्यांची. सोलांना भाव आला की मे महिन्यात चाकरमानी विचारतात, ‘आमच्या वाट्याचं काय?’ २००५च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. तो मागायला गेलेल्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती घातली जाते, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. जमिनीचं भांडण लांबचं आहे, ते लढायचं आहेच. पण आज जी नवी वस्तू आपण आणतोय, तिच्यावर तरी पहिल्या दिवसापासून आपलं नाव हवं.

‘आमच्या पडवीत ठेवा, जागा आहे,’ असं ज्या घरातून सांगितलं गेलं, त्यांच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण पडवी पुरुषाची, मीटर पुरुषाचा. तिथं रात्री माल उलटायला परजातीतली, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई किती मोकळेपणानं जाईल? ती कमी येईल, मग तिचा वाटा कमी होईल, मग ‘तिला जमत नाही’ असं ठरेल. गटातून बाई अशीच बाहेर पडते, कुणी तिला हाकलत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पावती गटाच्या नावाची आणि पैसा गटाच्या खात्यात. जागेसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीसाठी लेखी अर्ज करा. मिळेपर्यंत खोली भाड्यानं घ्या, लेखी करार करून. पाळ्या भिंतीवर लिहा. हिशोब दर महिन्याला मोठ्यानं वाचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. २०२०च्या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या सभासदाला माणशी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल ठरलं होतं. अशा कुठल्याही योजनेच्या अर्जावर सही करण्याआधी तो अर्ज सगळ्यांसमोर वाचला गेला पाहिजे.

शेवटची गोष्ट वाचलेल्या वेळाची. ड्रायर आला की खळ्यातली राखण सुटेल. ते तास कुणाचे? ‘आता रिकामीच असतेस’ म्हणून त्यावर आणखी घरकाम चढेल. सांगून ठेवते, चढू देऊ नका. त्यातली एक दुपार झोपेची असू द्या, एक ग्रामसभेची.

आता कागद परत काढा, मजुरीचा रकाना पाडा आणि जागेवर मतदान घ्या. हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून. जिच्या पडवीचा विषय आहे, तिलाही मोकळं मत देता आलं पाहिजे.